पेलोड आधी, टोइंग नंतर: हाफ-टन ट्रक, सहा माणसं आणि एक ट्रेलर

डॅलसच्या उत्तरेला राहायला लागून आम्हाला बरीच वर्षं झाली, पण दारात कायम मिनीव्हॅनच होती. ट्रक घ्यायचं कारण ट्रेलर, आणि ट्रेलरचं कारण आई-बाबा. मे २०२३ मध्ये ते सांगलीहून सहा महिन्यांसाठी येणार होते. बाबांना कोलोरॅडोचे डोंगर बघायचे होते. आईला मोटेलच्या खोल्या नको होत्या आणि रोज बाहेरचं खाणं तर अजिबात नको होतं. बायको म्हणाली, "मग स्वयंपाकघरच बरोबर घेऊन जाऊ या." ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे नेमकं तेच: ओटा, फ्रिज, संडास-बाथरूम, मुलांसाठी वर-खाली पलंग. फक्त तो ओढायला ट्रक लागतो, आणि ट्रकमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

फेब्रुवारीत शोध सुरू केला. जाहिरातींत एकच आकडा ठळक असतो, टोइंगचा. २०२३ च्या मॉडेलांमध्ये जास्तीत जास्त क्षमता बघा: फोर्ड एफ-१५० ची १४,००० पाउंड, शेव्हरोले सिल्व्हरॅडो १५०० ची १३,३००, रॅम १५०० ची १२,७५०, टोयोटा टुंड्राची १२,०००. आमच्या मनातला ट्रेलर सामानासकट ७,००० पाउंडांच्या आतला. म्हणजे चारांपैकी कुठलाही ट्रक तो जवळपास निम्म्या ताकदीत ओढणार, मग रंग निवडा आणि सही करा. एका डीलरकडचा पोरगा तर म्हणाला, "सर, हा ट्रक तुमचं राहतं घरसुद्धा ओढेल." त्याला ट्रेलरचं वजन सांगितलं, तरी गाडीत माणसं किती बसणार हे त्याने विचारलं नाही.

आणि खरी गोम तिथेच आहे. इथे दोन वेगळ्या क्षमता असतात. टोइंग म्हणजे मागे किती ओढता येईल ते. पेलोड म्हणजे ट्रकने अंगावर किती घ्यायचं ते: माणसं, कुत्रं, मागच्या हौद्यातलं सामान, नंतर बसवलेली झाकणं-पायऱ्या, सगळं. यात एक चोरटं वजन असतं. ट्रेलरचा पुढचा दांडा ट्रकच्या मागच्या जोडणीवर, म्हणजे हिचवर, टेकतो आणि त्याचा भार थेट ट्रकवर येतो. त्याला टंग वेट म्हणतात. तो ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. कमी ठेवून पेलोड वाचवू म्हटलं, तर ट्रेलर हायवेवर शेपटीसारखा डोलायला लागतो. हे फोनवर बाबांना समजावत होतो, तर ते मध्येच म्हणाले, "अरे, बैलगाडीचंच आहे हे. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळते, पुढे जास्त झाला की बैलाच्या मानेवर येतो." मी तयार केलेली आकृती मग त्यांना पाठवलीच नाही.

आता १४,००० चा हिशेब करून बघा. त्याचा १० टक्के टंग वेट म्हणजे १,४०० पाउंड. हाफ-टन ट्रकचा, म्हणजे वरच्या चारही ट्रकांच्या वर्गाचा, प्रत्यक्ष पेलोड बहुतेक वेळा १,३०० ते १,९०० च्या दरम्यान असतो. म्हणजे तेवढा ट्रेलर लावला की कित्येक ट्रकांत ड्रायव्हरसुद्धा वजनात बसत नाही. मग हे आकडे खोटे का? तसं नाही. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं जे२८०७ नावाचं एक मानक आहे, त्याप्रमाणे ते काढलेले असतात. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने आकडा सांगायची. टोयोटाने २०११ च्या टुंड्रापासून हे मानक आधी स्वीकारलं, बाकीचे काही वर्षांनी आले. त्यातली चढाची चाचणी मला फार आवडली: ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा ११.४ मैलांचा घाट, उन्हाळ्याची भर दुपार, एसी पूर्ण जोरात, आणि ट्रेलरसकट वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. चाचणी कडक आहे. पण त्या ट्रकमध्ये ड्रायव्हर आणि शेजारी एक माणूस धरतात, प्रत्येकी १५० पाउंड. आई-बाबा, दोन मुलं, कूलर आणि गव्हाच्या पिठाची पिशवी त्या हिशेबात नाही.

म्हणून मी उलटीकडून सुरुवात केली. आधी आमचं वजन. घरातल्या वजनकाट्यावर सगळ्यांना उभं केलं. मी १७५, बायको १३५ (हा आकडा इथे लिहायची परवानगी रीतसर घेतली आहे), थोरली ९५, धाकटा ६५. सांगलीला फोन करून किलो विचारले, २.२ ने गुणले: बाबा १५०, आई १३०. एकूण ७५०. हौद्यातलं सामान, म्हणजे कूलर, छोटा जनरेटर, घडीच्या खुर्च्या, सायकली, यांचे १५०. हिचचं अवजड लोखंड ९०. ट्रेलर भरल्यावर ६,४०० च्या आसपास जाईल असं धरून त्याचे साडेबारा टक्के, ८००. बेरीज १,७९०. माझा प्रश्न आता बदलला. १,८०० च्या वर पेलोड असलेला आणि सीटचे सहा पट्टे असलेला ट्रक कुठे मिळेल?

कंपनीच्या पुस्तिकेतला पेलोडही "जास्तीत जास्त" असतो. २०२३ च्या एफ-१५० चा कमाल आकडा ३,३०० च्या आसपास आहे, पण तो साध्या कॅबच्या, खास जास्त वजनासाठी बांधलेल्या ट्रकचा. तसा ट्रक डीलरच्या आवारात सहसा नसतोच. प्रत्येक ट्रकचा स्वतःचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, टायरच्या हवेची माहिती असलेल्या पांढऱ्या-पिवळ्या स्टिकरवर छापलेला असतो. माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडांपेक्षा जास्त नको, असं एक वाक्य. गणित सोपं आहे: ट्रकचं कमाल भरलेलं वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, ठरलेलं असतं. त्यातून तो विशिष्ट ट्रक कारखान्यातून निघाला तेव्हाचं त्याचं वजन वजा करायचं. त्यामुळे काचेचं मोठं छत, कातडी खुर्च्या, विजेवर उघडणाऱ्या पायऱ्या, फोर-व्हील ड्राइव्ह, जे जे म्हणून महाग ते ते पेलोडमधून कापलं जातं. जितका भारी ट्रक, तितका तो कमी वजन घेतो. हे बायकोला सांगितल्यावर तिच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो मला विसरता येणार नाही.

स्टिकर बघायचं म्हणजे दार उघडं हवं. टेक्सासात गाड्यांच्या डीलरना शनिवार-रविवारपैकी एक दिवस बंद ठेवावाच लागतो आणि बहुतेक जण रविवारी बंद ठेवतात. रविवारी आवारात निवांत फिरता येतं, कोणी मागे लागत नाही, पण दारं कुलूपबंद. रविवारी आम्ही बाहेरून कॅब, सीट आणि हिच बघायचो, ट्रकचे नंबर लिहून घ्यायचो आणि सोमवारी ईमेल करायचो: "ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या टायर-लोडिंग स्टिकरचा फोटो पाठवा." निम्मे लोक काचेवरच्या किमतीच्या कागदाचा फोटो पाठवत. काही फोनच करत आणि आज दुपारी या म्हणत. फोटो मात्र चिकाटीने मागावा, तो मिळतो. कोणी पाठवतच नसेल तर तिथे जाण्यात दुपार घालवू नये.

मार्च अखेरपर्यंत माझ्या वहीत चांगली यादी झाली. मऊ कॉइल स्प्रिंगवर चालणारा, आतून दिवाणखान्यासारखा सजवलेला एक रॅम १,२७० वर थांबला. चालवायला तो सगळ्यांत सुखाचा होता, हे कबूल. एक टुंड्रा १,३४५. एक सिल्व्हरॅडो १,५६०. एक एफ-१५० लॅरिएट, म्हणजे त्यातलं महागडं मॉडेल, काचेचं छत आणि फोर-व्हील ड्राइव्हसकट, १,४३८. आणि त्याच एफ-१५० चा साधा भाऊ, एक्सएलटी, कापडी खुर्च्या, मागच्या चाकांवर चालणारा, १,८९४. इंजिन दोघांचं एकच, ३.५ लिटरचं टर्बो इकोबूस्ट. ही तुलना कंपन्यांची नाही, त्या-त्या एका ट्रकची आहे. तुमच्या गावात हेच मॉडेल वेगळा आकडा दाखवेल, म्हणून माझे आकडे उचलून खरेदीला जाऊ नका.

एक्सएलटीमध्ये पुढे सलग बाक होता, त्यामुळे सहा पट्टे. महागड्या मॉडेलांत मधे मोठा कन्सोल येतो आणि सहावी जागा जाते. ट्रक २०२१ चा, वापरलेला, पण मॅक्स ट्रेलर टो पॅकेज असलेला होता: ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर आतच, सात पिनांचं सॉकेट, मोठी टाकी. किंमत ४१,५०० डॉलर आणि वर राज्याचा ६.२५ टक्के कर. घासाघीस करून डीलरची कागदपत्रांची फी कमी होते का बघितलं, नाही झाली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ट्रक दारात आला. शेजारच्या काकांनी येऊन टायरला लाथ मारून बघितली. ही इथली पद्धत आहे.

ट्रेलर एका निवृत्त जोडप्याकडून घेतला, २०१९ चा, १९,००० डॉलरला. इथेही एक सापळा असतो. पुस्तिकेत लिहिलेलं "ड्राय वेट" ५,२०० होतं आणि टंग वेट ५६०. पण रिकाम्या ट्रेलरने कोणी सहलीला जात नाही. पुढच्या दांड्यावर बसणाऱ्या बॅटऱ्या आणि गॅसच्या दोन टाक्या बरेचदा त्या आकड्यात नसतात, आणि त्यांचं वजन नेमकं टंगवरच येतं. म्हणून पुस्तिकेतला ५६० विसरायचा. ट्रेलरच्या बाहेरच्या पट्टीवरचं कमाल वजन बघायचं (आमचं ७,०००) आणि टक्केवारी त्याच्या जवळपासच्या आकड्यावर काढायची. टायरच्या बाजूला डॉट क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. आमचे २०१९ चेच होते. नक्षी नव्यासारखी दिसत होती, तरी चारही बदलले, साधारण साडेपाचशे डॉलर गेले. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात.

कागदपत्रं काउंटीच्या टॅक्स ऑफिसात. खासगी खरेदीत विकणारा आणि घेणारा दोघांनी एकत्र जाणं उत्तम, म्हणजे सही राहिली, तारीख चुकली असली भानगड होत नाही. विकणारे आजी-आजोबा दोघंही आले, फोल्डर घेऊन. सही केलेलं टायटल (मालकीचा कागद) आणि १३०-यू फॉर्म लागतो, खरेदीपासून ३० दिवसांत. रांगेत दीड तास गेला, खिडकीवर दहा मिनिटं. ६.२५ टक्के कर इथेही भरावा लागला, ते १,१८७ डॉलर ५० सेंट मी आधी धरले होते म्हणून बरं. वेगळं लायसन्स लागलं नाही. ट्रेलरचं कमाल वजन १०,००० च्या आत असल्यामुळे टेक्सासात नेहमीचं क्लास सी चालतं. ७,५०० पर्यंतच्या ट्रेलरला तपासणीही नव्हती.

मग हिच. ट्रकच्या पुस्तिकेत हिचच्या नुसत्या गोळ्यावर ५,००० पाउंडांचा ट्रेलर आणि ५०० चा टंग वेट इतकीच मर्यादा आहे. त्याच्या पुढे वेट डिस्ट्रिब्युशन हिच लागते. तिच्या दोन पोलादी कांबी मागच्या चाकांवर आलेला भार थोडा पुढच्या चाकांकडे आणि थोडा ट्रेलरच्या चाकांकडे ढकलतात. डोलणं रोखायची सोय असलेली हिच ६५० डॉलर, बसवून घेण्याचे २००. बसवणाऱ्या मेस्त्रीला आपला ट्रेलर भरूनच दाखवावा. रिकाम्यावर जुळवलेली उंची भरल्यावर चुकते.

आई-बाबा मेच्या मध्यावर आले. जूनच्या पहिल्या शनिवारी रंगीत तालीम: सगळं सामान भरून, सहाही जण बसवून, हायवेवरच्या ट्रक स्टॉपमधल्या कॅट स्केलवर. अठराचाकी ट्रक जिथे वजन करतात तोच काटा. पुढची चाकं एका पाटावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर. तेव्हा, २०२३ मध्ये, पहिलं वजन पंधरा डॉलरच्या आत होत होतं, चोवीस तासांत पुन्हा केलं तर अगदी थोडे पैसे पडत होते. फोनवरच्या ॲपमधून पैसे भरले तर आत जाऊन रांग लावावी लागत नाही. पहाटे जा, दुपारी मागे मोठे ट्रक ताटकळत उभे राहतात आणि आपल्याला ओशाळल्यासारखं होतं.

वजन तीन प्रकारे करायचं. हिचच्या कांबी लावून: पुढे ३,०६०, मागे ३,८००, ट्रेलर ५,६६०. मग कांबी सोडवून: २,८२०, ४,१२०, ५,५८०. मग ट्रेलर बाजूला ठेवून नुसता ट्रक, माणसांसकट: ३,१४० आणि ३,०००, म्हणजे ६,१४०.

यातून सगळं निघतं. एकूण १२,५२० मधून ६,१४० वजा केले की ट्रेलर ६,३८०. कांबी सोडल्यावर ट्रक ६,९४० चा होता, त्यातून ६,१४० गेले की टंग वेट ८००, म्हणजे साडेबारा टक्के. कांबींशिवाय ट्रकचं नाक ३२० पाउंडांनी हलकं होत होतं, स्टिअरिंग ज्या चाकांवर चालतं तीच चाकं उचलली जात होती. कांबी लावल्यावर त्यातले २४० परत आले. मागच्या आसाची मर्यादा ४,१५०, तिथेही ३,८०० वर सुटलो. ट्रकची कमाल मर्यादा ७,०५०, आम्ही ६,८६०. म्हणजे १९० पाउंड शिल्लक. ओढण्याच्या क्षमतेत मात्र हजारो पाउंड रिकामे पडून होते, त्यांचा आम्हाला काडीचा उपयोग नव्हता.

त्या १९० पाउंडांनी पुढचे दोन आठवडे घरात सत्ता गाजवली. आईने लोखंडी तवा, कुकर, पोळपाट बाहेर काढून ठेवले होते. ते ट्रेलरमध्ये, आसाच्या वर येतील असे ठेवले, म्हणजे ट्रकवर भार कमी. लाकडं इथून न्यायची नाहीत, तिथेच घ्यायची. पाण्याची टाकी रिकामी न्यायची: ४० गॅलन पाणी म्हणजे सुमारे ३३० पाउंड, ते मुक्कामी नळावर भरता येतं. बाबांनी स्वतःहून आपली मोठी बॅग घरी ठेवली आणि वर आईला विचारलं, "तुझी?"

निघायच्या सकाळी आईने ट्रेलरचं दार उघडून बघितलं. "एवढे पलंग असताना सगळ्यांनी पुढे कोंडून बसायचं? मी आत पडते जरा." टेक्सासात चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवणं गुन्हा आहे. आई ट्रकमध्ये मागे मुलांच्या मधे, बायको पुढे मधल्या बाकावर, बाबा खिडकीशी. मुलांना एअरबॅगपासून लांब, मागेच ठेवायचं हे आधीच ठरलं होतं.

विचिटा फॉल्सवरून ॲमरिलोपर्यंत २८७ नंबरचा रस्ता. वेग ६५ च्या वर नेला नाही. ट्रेलरचे टायर आणि पॅनहँडलचा, म्हणजे टेक्सासच्या उत्तर टोकाचा, वारा, दोन्ही कारणं पुरेशी होती. गॅलनला नऊ मैल पडत होते. मोठा ट्रक शेजारून गेला की आधी आपल्याला तो ओढून घेतो, मग ढकलतो. पहिल्या तासात माझे खांदे कानाला लागले होते, दुसऱ्या दिवशी ते खाली आले. पेट्रोल पंप निवडताना आत शिरायची आणि बाहेर पडायची वाट आधी बघायची, कारण मागे घेणं मला अजूनही नीट जमत नाही. पॅलो ड्युरो कॅन्यनमध्ये उतरताना १० टक्क्यांचा उतार आहे. टो-हॉल मोड लावला की गिअर स्वतःच खाली येतो आणि इंजिन गाडी धरून ठेवतं. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, दाबायचा आणि सोडायचा.

कोलोरॅडोच्या सीमेवरचा रॅटन पास हा घाट ७,८३४ फुटांवर. उंचीवर हवा विरळ होते. साधं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, टर्बोला तितकं जाणवत नाही. चढ आम्ही उजव्या लेनमधून पन्नाशीच्या वेगाने, बिनतक्रार चढलो. बाबा तेव्हा डोंगर बघत नव्हते, तापमानाचा काटा बघत होते. वर पोचल्यावर म्हणाले, "हललासुद्धा नाही."

आई-बाबा नोव्हेंबरात परत गेले. त्यानंतर मंडळातल्या एका मित्राचा फोन आला: त्याच्याकडे मध्यम आकाराचा पिकअप आहे, ६,४०० पाउंड टोइंगचा, तर ५,५०० चा ट्रेलर घेऊ ना? मी त्याला दाराच्या चौकटीचा फोटो पाठवायला सांगितला. पेलोड १,१२० निघाला. चौघांचं वजन ५२०, हिचचे ६०, हौद्यातले १००. उरले ४४०. साडेबारा टक्क्यांनी तो ट्रेलर भरून ३,५२० पाउंडांचा होतो, म्हणजे रिकामा पावणेतीन हजारांच्या आतलाच शोधावा लागेल. "आणि मुलं मोठी झाली की?" त्याने विचारलं. तुझा थोरला आता चौदाचा आहे, मी म्हटलं, त्याचं अजून चाळीस पाउंड वाढणारं वजन आजच धर. त्याने धरलं, आणि ट्रेलर ३,२०० वर आला.